पडद्याला छिद्र नाही असं लिहिणारे हकीम : इब्न नफीस

गेल्या पावसाळ्यात माझ्या आपाच्या मुलीचा हृदयाचा एमआरआय काढावा लागला. भाची 11 वर्षांची आहे. ती तान्ही असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं की हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्र आहे. आमच्या घरात त्याला दिल में सुराख म्हणतात, शेजारच्या काकू हृदयाला भोक म्हणतात. नाव काहीही असो, आईच्या काळजाला लागणारा घोर तोच असतो. दरवर्षी इको व्हायचा आणि दरवर्षी डॉक्टर सांगायचे की वाट पाहू. यंदा मात्र त्यांना हृदयाचा आकार थोडा वाढल्यासारखा वाटला आणि फुप्फुसांतून हृदयाकडे येणाऱ्या चारही शिरा इकोमध्ये नीट दिसल्या नाहीत. म्हणून एमआरआय.

आपाला धास्ती होती ती डायची. आमच्या मामूंच्या किडन्या अधू होत्या. त्यांच्या वेळी डाय द्यायची की नाही, यावरच दोन दिवस गेले होते. ते सगळं तिच्या मनात बसलेलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की या तपासणीत इंजेक्शन नाही, डाय नाही आणि क्ष-किरणही नाहीत. पोरीचं रक्त वाहतंय, तेवढं पुरेसं आहे. बाकावर बसलेल्या अम्मीने मला हळूच विचारलं की रंग घातल्याशिवाय नस दिसणार कशी? मी विज्ञान शिकवते, पण त्या क्षणी मला नीट उत्तर देता आलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. हृदयाच्या उजव्या बाजूने किती रक्त फुप्फुसांकडे जातं आणि डाव्या बाजूने किती रक्त शरीराकडे जातं, हे यंत्र मोजेल. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर काळजीचं कारण कमी. फुप्फुसांकडचा आकडा बराच मोठा आला तर समजायचं की रक्त वाट सोडून दुसरीकडेच जातंय.

हे ऐकताना मला एका हकीमांची आठवण झाली. निरोगी माणसाच्या हृदयातला पडदा बंद असतो आणि उजवीकडचं रक्त डावीकडे जायचं तर त्याला फुप्फुसांतूनच जावं लागतं, हे त्यांनी 1242 साली लिहून ठेवलं होतं. त्यांचं नाव अलाउद्दीन अली इब्न अबिल हज्म अल-कर्शी. जग त्यांना इब्न नफीस म्हणून ओळखतं. आपल्याकडे इब्न सीना आणि अल-राझी ही नावं तरी कानावर पडतात. इब्न नफीस मात्र बहुतेक घरांत कुणाला माहीत नसतात.

दिमिश्कमधलं शिक्षण

इब्न नफीस यांचा जन्म इ.स. 1210 ते 1213 च्या सुमारास दिमिश्क शहरात किंवा त्याच्या आसपास झाला. तो काळ अय्यूबी सुलतानांचा होता. सलाहुद्दीन अय्यूबी यांचं निधन होऊन वीसेक वर्षं झाली होती. एकीकडे क्रूसेडच्या लढाया संपल्या नव्हत्या, दुसरीकडे त्याच शहरात शिक्षण जोरात चाललं होतं.

दिमिश्कमध्ये नूरुद्दीन झंगी यांनी बाराव्या शतकात बांधलेलं मोठं रुग्णालय होतं, अल-नूरी बिमारिस्तान. बिमारिस्तान हा फारसी शब्द, अर्थ आजाऱ्यांची जागा. इथे रुग्णांवर उपचार होत आणि तिथेच तरुणांना हकिमी शिकवली जाई. शिकणारे उस्तादांच्या मागोमाग एकेका खाटेपाशी जात, रुग्णाची नाडी पाहत, मग ग्रंथ उघडून चर्चा करत. ही इमारत आजही उभी आहे आणि तिथे वैद्यकशास्त्राच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

इथले उस्ताद होते मुहज्जबुद्दीन, ज्यांना अल-दखवार म्हणत. आपल्या काळातले ते नावाजलेले हकीम. 1230 साली त्यांचं निधन झालं, पण त्याआधी त्यांनी एक आख्खी पिढी घडवली होती. याच पिढीत इब्न अबी उसैबिआ होते, ज्यांनी पुढे शेकडो हकिमांच्या चरित्रांचा मोठा ग्रंथ लिहिला. गंमत अशी की त्या ग्रंथाच्या प्रचलित प्रतींमध्ये इब्न नफीस यांच्यावर प्रकरणच सापडत नाही. एकाच वर्तुळात शिकलेला माणूस वगळला गेला. का, यावर अभ्यासकांनी पुष्कळ तर्क केलेत.

इब्न नफीस फक्त हकिमी शिकले नाहीत. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, हदीस आणि फिकह यांचाही त्यांनी अभ्यास केला. ते शाफई फिकहचे जाणकार होते. आपल्या मुलांना आपण आठवी-नववीतच दीनचं शिक्षण आणि दुनियेचं शिक्षण असे दोन कप्पे पाडून देतो. त्या काळच्या या विद्यार्थ्याच्या दप्तरात दोन्ही एकत्र होती.

काहिरा

1236 साली ते इजिप्तला, काहिराला गेले आणि उरलेलं आयुष्य तिथेच राहिले. सलाहुद्दीन यांनी स्थापन केलेल्या अल-नासिरी रुग्णालयात त्यांनी काम केलं, शिकवलं आणि हळूहळू शहरातल्या हकिमांमध्ये त्यांचं नाव सर्वांत वर गेलं. मस्रूरिया मदरशात ते फिकह शिकवायचे. म्हणजे रुग्ण तपासणाऱ्या माणसाकडेच लोक फिकहचे मसलेही घेऊन येत असणार.

चरित्रकार त्यांचं वर्णन उंच, सडपातळ माणूस असं करतात. लिहिण्याची त्यांची पद्धत वेगळीच होती. आधीच बरेच कलम तासून समोर ठेवले जात. मग ते भिंतीकडे तोंड करून बसत आणि समोर कोणताही ग्रंथ न ठेवता लिहीत सुटत. एक कलम बोथट झाला की बाजूला टाकायचा आणि दुसरा उचलायचा, म्हणजे टोक काढण्यात वेळ जायला नको. एकदा ते हमाममध्ये अंघोळ करत होते. अंगाला साबण लावलेला असतानाच काहीतरी सुचलं. ते तसेच बाहेरच्या खोलीत आले, कागद, कलम आणि शाई मागवली, नाडीवरचं एक छोटं प्रकरण लिहून काढलं आणि मग आत जाऊन अंघोळ पुरी केली.

आणखी एक आठवण सांगतात. इतिहासकार इब्न वासिल यांच्याशी एका रात्री त्यांची चर्चा सुरू झाली ती पहाटेपर्यंत चालली. इब्न वासिल तापत, आवाज चढवत, डोळे लाल करत. इब्न नफीस मात्र सावकाश, एकेक मुद्दा घेत बोलत राहिले. शेवटी इब्न वासिल यांनीच मोकळेपणाने त्यांच्या इल्मची थोरवी मान्य केली. आपल्या मोहल्ल्यांमधल्या आणि मोबाइलवरच्या वादांची मला इथे आठवण होते. आवाज चढला की मुद्दा हरवतो, हे आपण रोज पाहतो.

जालीनूस यांचं म्हणणं

आता मूळ गोष्टीकडे येऊ. इब्न नफीस यांनी नेमकं काय वेगळं सांगितलं हे समजायला आधी जुनं मत समजून घ्यावं लागेल.

दुसऱ्या शतकात गॅलेन नावाचे यूनानी वैद्य होऊन गेले. आपल्या हकिमांच्या भाषेत जालीनूस. त्यांच्या मते रक्त यकृतात तयार होतं आणि तिथून शिरांमधून सगळ्या अवयवांकडे जातं. त्यातलं काही रक्त हृदयाच्या उजव्या निलयात येतं. या उजव्या आणि डाव्या निलयांमध्ये जाड पडदा आहे. जालीनूस म्हणत की या पडद्यात डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आहेत, त्यांतून रक्त पाझरून डावीकडे जातं आणि तिथे फुप्फुसांतून आलेल्या हवेशी त्याची गाठ पडते.

ही अदृश्य छिद्रं कुणीही पाहिलेली नव्हती. पण जालीनूस यांनी लिहिलंय म्हटल्यावर 1000 वर्षं ती मानली गेली. इब्न सीना यांनी अल-कानून हा आपला महान ग्रंथ लिहिला, त्यातही हृदयाचं हे जुनं चित्र बरंचसं तसंच राहिलं. हा ग्रंथ म्हणजे त्या काळच्या वैद्यकाचा कणा. बगदादपासून अंदलुसपर्यंत विद्यार्थी तोच वाचत, आणि पुढे लॅटिन भाषांतरातून युरोपातली विद्यापीठंही तोच शिकवत. अशा ग्रंथात चूक आहे असं म्हणायला किती धीर लागत असेल, याचा विचार करा.

1242 सालचा ग्रंथ

तिशीच्या आसपास असलेल्या इब्न नफीस यांनी अल-कानूनमधल्या शरीररचनेच्या भागावर एक शरह, म्हणजे स्पष्टीकरणाचा ग्रंथ लिहिला. शरह तशरीहुल कानून हे त्याचं नाव. हा ग्रंथ इब्न सीना यांच्यावर टीका करायला लिहिलेला नाही. इब्न सीना यांच्याबद्दल त्यांना आदरच होता, आणि त्यांचे ग्रंथ ते आयुष्यभर शिकवत राहिले. पण हृदयाच्या प्रकरणाशी आल्यावर त्यांनी कलम अडखळू दिला नाही.

त्यांनी लिहिलं की दोन निलयांमधला पडदा जाड आणि घट्ट आहे. त्यात डोळ्यांना दिसणारी छिद्रं नाहीत आणि जालीनूस समजतात तशी न दिसणारीही नाहीत. मग उजवीकडचं रक्त डावीकडे जाणार कुठून? एकच वाट उरते. ते उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीत शिरतं, फुप्फुसांत पसरतं, तिथे हवेत मिसळतं, आणि मग फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांमधून हृदयाच्या डाव्या बाजूला पोहोचतं. आज शाळेच्या पुस्तकात आपण याला फुप्फुस अभिसरण म्हणतो.

त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. फुप्फुसांत जाणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या वाहिन्यांमध्ये बारीक वाटा असल्या पाहिजेत, असं त्यांनी म्हटलं. या केशवाहिन्या प्रत्यक्ष दिसायला 1661 साल उजाडावं लागलं, जेव्हा इटलीच्या मार्चेलो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. दुसरी गोष्ट अशी की हृदयाचं पोषण उजव्या निलयात भरलेल्या रक्तातून होतं हे मत त्यांनी नाकारलं. हृदयाच्या भिंतीतच पसरलेल्या वाहिन्यांतून त्याला रक्त मिळतं, असं ते म्हणाले. ज्यांच्या घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांना या वाहिन्यांचं महत्त्व मी सांगायला नको.

त्या काळच्या नावांचा घोळही समजून घेण्यासारखा आहे. उजव्या निलयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाहिनीला तेव्हा धमनीसारखी शिर म्हणत, आणि फुप्फुसांकडून परत येणाऱ्या वाहिनीला शिरेसारखी धमनी. पहिलीला आज आपण फुप्फुस धमनी म्हणतो आणि दुसरीला फुप्फुस शिरा. इतर ठिकाणी धमनीत प्राणवायूने भरलेलं रक्त असतं, इथे उलटं आहे. हा घोळ लक्षात ठेवा, शेवटी मला त्यावरून माझी एक चूक कबूल करायची आहे.

त्यांनी हे न पाहता कसं ओळखलं? त्यांनी स्वतःच नमूद केलंय की शरीअत आणि आपल्या स्वभावातली दया यांमुळे आपण शवविच्छेदनापासून दूर राहिलो. तरी त्यांचं वर्णन इतकं नेमकं आहे की त्यांनी निदान प्राण्यांची हृदयं तरी पाहिली असावीत, असं काही अभ्यासकांना वाटतं. एवढं नक्की की त्यांनी रक्त, पडदा, फुप्फुसं आणि वाहिन्या यांची संगती लावून पाहिली, आणि जी गोष्ट संगतीत बसली नाही ती सोडून दिली, मग ती कितीही मोठ्या माणसाने सांगितलेली असो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे फिरणाऱ्या मेसेजमध्ये असं लिहिलेलं असतं की संपूर्ण रक्ताभिसरणाचा शोध इब्न नफीस यांनी लावला. तसं नाही. रक्त सगळ्या शरीरातून फिरून परत हृदयाकडे येतं, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वी यांनी 1628 साली मोजमाप आणि प्रयोग करून मांडलं. इब्न नफीस यांनी हृदय आणि फुप्फुसांमधली वाट शोधली. ते काम एवढं मोठं आहे की त्यात वाढवून सांगण्याची गरजच नाही.

सुलतानांचा हकीम, रुग्णांचा वक्फ

इब्न नफीस यांच्या डोळ्यांदेखत जग बदललं. 1258 साली मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केलं. 1260 साली ऐन जालूतच्या लढाईत ममलूकांनी मंगोलांना थोपवलं आणि त्याच वर्षी बैबर्स काहिराचे सुलतान झाले. इब्न नफीस त्यांचे खासगी हकीम होते आणि इजिप्तच्या हकिमांचे प्रमुख, म्हणजे रईसुल अतिब्बा.

एवढ्या धामधुमीतही लिहिणं थांबलं नाही. वैद्यकाचा एक विश्वकोश त्यांनी हाती घेतला होता, किताबुश शामिल. 300 खंडांचा बेत होता, 80 खंडांपर्यंत मजल गेली. डोळ्यांच्या आजारांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. निर्जन बेटावर एकट्याने वाढलेल्या कामिल नावाच्या मुलाची कथाही लिहिली, जो स्वतःच्या अक्कलहुशारीने जग आणि जगाचा निर्माता समजून घेत जातो. आणि अल-कानूनचा एक सुटसुटीत संक्षेप केला, मूजजुल कानून. हा मूजज हिंदुस्तानातल्या यूनानी हकिमांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकण्यासाठी वापरला. म्हणजे ज्यांचं नाव आपण विसरलो, त्यांचं पुस्तक आपल्याच देशातले हकीम वाचत होते. पण हृदयाची ती नवी वाट ज्या मोठ्या ग्रंथात होती, तो मात्र फारसा कुणी उघडत नव्हता.

1284 साली सुलतान कलाऊन यांनी काहिरात अल-मन्सूरी रुग्णालय उभारलं. चार वर्षांनी, वयाची पंचाहत्तरी गाठलेले इब्न नफीस आजारी पडले. सोबतच्या हकिमांनी औषध म्हणून थोडी मद्याची मात्रा घ्यायला सुचवलं. त्यांनी नकार दिला. आपल्या अंगात मद्य असताना आपण अल्लाहसमोर जाणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. 17 डिसेंबर 1288 रोजी त्यांचं निधन झालं. आपलं घर आणि आपली सगळी पुस्तकं त्यांनी अल-मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकली होती. आयुष्यभराची कमाई रुग्णांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हवाली.

विसर आणि शोध

त्यानंतर एखाद-दुसऱ्या शरहकारानं त्यांच्या मताचा उल्लेख केला, पण मदरशांत आणि रुग्णालयांत जुनंच चित्र शिकवलं जात राहिलं. युरोपात मिगेल सर्वेत यांनी 1553 साली आणि रेआल्दो कोलोंबो यांनी 1559 साली फुप्फुसांतली हीच वाट लिहिली. इब्न नफीस यांचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं का, यावर खूप वाद झालेत. इटलीचे आंद्रेआ आल्पागो यांनी इब्न नफीस यांच्या लेखनाचा काही भाग लॅटिनमध्ये नेला होता आणि तो 1547 साली व्हेनिसला छापला गेला, पण तो भाग औषधांबद्दलचा होता. त्यामुळे चोरीचा आरोप करून आपण काही मिळवत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. त्यांचा ग्रंथ आपल्याच कपाटांत होता, मग आपण तो का वाचला नाही?

1924 साली मुहियुद्दीन अल-ततावी नावाच्या तरुण इजिप्शियन डॉक्टरने जर्मनीच्या फ्रायबर्ग विद्यापीठात प्रबंध सादर केला. बर्लिनच्या ग्रंथालयात त्यांना या शरहचं हस्तलिखित मिळालं होतं. एका अरब हकिमाने हार्वीच्या जवळपास 400 वर्षं आधी हे लिहिलंय, यावर त्यांच्या प्राध्यापकांचा विश्वास बसेना. त्यांना अरबी येत नव्हतं, म्हणून प्रबंध काहिरात राहणाऱ्या मॅक्स मेयरहोफ या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरकडे मत विचारायला पाठवला. मेयरहोफ अरबीचे जाणकार. त्यांनी मूळ मजकूर तपासला, आणखी हस्तलिखितं पाहिली आणि पुढच्या दशकात हा शोध जगासमोर नेला. सुमारे 680 वर्षांनी इब्न नफीस यांना त्यांची जागा मिळाली, तीही एका विद्यार्थ्याने जुनं पान नीट वाचलं म्हणून.

डाय न देता रक्त कसं दिसतं

आता अम्मीच्या प्रश्नाचं उत्तर. नंतर मी वाचून काढलं आणि तिला सांगितलं.

आपल्या शरीरात पाणी भरपूर आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. एमआरआय यंत्र हा मोठा चुंबक असतो. 1.5 टेस्लाचा चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट ताकद. त्यात झोपल्यावर हायड्रोजनचे कण एका शिस्तीत येतात. यंत्र रेडिओ लहरींचा धक्का देतं, कण हलतात आणि परत जागेवर येताना हलका संकेत देतात. त्या संकेतांवरून चित्र तयार होतं.

एका जागी स्थिर असलेल्या मांसाला पुन्हा पुन्हा धक्के बसले की ते जणू दमतं आणि त्याचा संकेत मंद होतो. पण वाहणारं रक्त ताजं असतं, त्याला आधी धक्के बसलेले नसतात, म्हणून ते चित्रात चमकतं. दुसऱ्या एका पद्धतीत रक्ताच्या स्वतःच्या गुणधर्मामुळेच ते आजूबाजूच्या भिंतींपेक्षा उजळ दिसतं. तिसरी पद्धत तर रक्ताचा वेग मोजते. जेवढ्या वेगाने रक्त धावतं, तेवढा त्याच्या संकेतात फरक पडतो, आणि त्यावरून एका ठोक्यात किती मिलिलिटर रक्त गेलं ते कळतं. थोडक्यात, रक्ताची हालचाल हाच त्याचा रंग.

अडचणीही आहेत. हृदय सतत धडधडतं, फुप्फुसं वरखाली होतात आणि फुप्फुसांत हवा जास्त, पाणी कमी. म्हणून छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावून प्रत्येक ठोक्याच्या ठरावीक क्षणीच चित्र टिपतात. श्वास रोखायला सांगतात, किंवा यंत्रच श्वासपटलाच्या हालचालीवर नजर ठेवतं. त्यामुळे वेळ जास्त लागतो.

एमआरआयची डाय गॅडोलिनियम या धातूपासून बनते. बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. पण किडन्या फार खराब असलेल्या काही रुग्णांमध्ये तिच्यामुळे त्वचा आणि अवयव कडक होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो, हे 2006 च्या सुमारास लक्षात आलं आणि तेव्हापासून डॉक्टर जपून वागतात. गरोदर बाईलाही शक्यतो ती देत नाहीत. काही प्रश्नांसाठी मात्र डाय लागतेच, जसं हृदयाच्या स्नायूवरचा जुना व्रण पाहायला. तेव्हा डॉक्टरांशी हुज्जत घालू नका, पण विचारा जरूर: डायशिवाय काम होईल का? आणि किडनीचा आजार, गरोदरपण, पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला कुठलाही धातू, हे आधीच सांगा.

फुप्फुसांच्या शिरांना आज आणखी एका कारणाने महत्त्व आलंय. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा एक नेहमीचा आजार बऱ्याचदा याच शिरांच्या तोंडापाशी सुरू होतो, हे 1998 साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. त्यावर उपचार करण्याआधी या शिरांचा नकाशा काढतात. इब्न नफीस ज्या शिरांतून रक्त डावीकडे येतं म्हणाले, त्याच या.

भाचीचा अहवाल आला. चारही शिरा जिथे उघडायला हव्यात तिथेच, डाव्या अलिंदात, उघडत होत्या. फुप्फुसांकडचं रक्त शरीराकडच्या रक्तापेक्षा थोडंसंच जास्त होतं. छिद्र बारीक आहे, ऑपरेशनची गरज नाही, वर्षाने पुन्हा यायचं. आपाने तिथेच शुक्राची नमाज पढली. भाचीला मात्र एवढंच सांगायचं होतं की यंत्राचा आवाज फार मोठा होता.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी वर्गात हृदयाची आकृती काढताना मी फुप्फुस धमनी लाल खडूने रंगवली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली की मॅडम, ही निळी हवी. धमनी म्हणजे लाल, असं म्हणून मी तिला बसवलं. घरी पुस्तक उघडलं तर ती बरोबर होती. दुसऱ्या दिवशी मी आकृती गुपचूप दुरुस्त केली. तिचं नाव घेतलं नाही, चूक कबूल केली नाही. त्या सहामाहीत तिने पुन्हा हात वर केला नाही.

इब्न नफीस वाचताना मला ती मुलगी आठवते. ते जालीनूस आणि इब्न सीना यांच्यासमोर उभे राहून म्हणाले की इथे छिद्र नाही. उस्तादांचा अदबही राखला आणि चूकही दाखवली. आपल्या मुलांना आपण अदब शिकवतो, आणि तो शिकवायलाच हवा. पण चूक दिसली तर हात वर करायचा, हेही त्याच अदबीत बसतं, एवढं त्यांना सांगायला आपण विसरतो. आणि मुलाचा हात वर गेल्यावर त्याला खाली बसवणारे बहुतेक वेळा आपणच असतो, कधी वर्गात, कधी जेवणाच्या दस्तरखानावर.

आता दरवर्षी हा धडा आला की मी आधी इब्न नफीस यांची गोष्ट सांगते आणि मग त्या लाल खडूची. मुलं दुसऱ्या गोष्टीला जास्त हसतात. हसू देत. फुप्फुस धमनी निळी असते, हे मात्र मग कुणीच विसरत नाही.